हद्दीतला देवचार

भुताच्या गेममध्ये आपण पळायचं आणि लपायचं, ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की ‘कॅरियन’ सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं मी उगाचच अंधारातून सरपटत होतो. लपणार कुणापासून? काचेची टाकी फोडून बाहेर पडलेला, दात आणि तंतू फुटलेला लाल मांसाचा गोळा मीच होतो. किंचाळायचं काम प्रयोगशाळेतल्या माणसांचं होतं. पोलंडमधल्या वॉर्साच्या फोबिया गेम स्टुडिओनं जुलै २०२० मध्ये आणलेला हा गेम. ‘उलटा हॉरर’ म्हणूनच त्याची जाहिरात झाली होती, आणि ते खरंही आहे.

बाहेर डिचोलीतला पाऊस, वीज येऊन-जाऊन, आणि मी लॅपटॉपच्या बॅटरीवर माणसं खातोय. मजा आली. पण लक्षात राहिली ती माणसं खाण्याची मजा नाही. या गोळ्याचे तीन आकार आहेत. माणसं खाल्ली की तो वाढतो. गंमत अशी, की प्रत्येक आकाराची कला वेगळी. लहान असताना तो चिकट जाळं थुंकून लांबची कळ ओढू शकतो; मोठा झाला की ते जमत नाही. मग काय करायचं? लाल द्रवाचं एखादं डबकं शोधायचं, त्यात आपलंच मांस टाकून द्यायचं, लहान व्हायचं, कळ ओढायची आणि परत येऊन ते मांस गोळा करायचं. आणि लहान असताना आगीची नळी घेतलेला एक पहारेकरी समोर आला, तर सगळा राक्षसपणा एका झटक्यात जळून जातो. त्या मधल्या काळात मी खरा घाबरलो. राक्षस असून घाबरलो.

तेव्हाच डोक्यात आलं की आपल्याकडच्या कुणाला तरी घेऊन असं काही करून बघावं. आणि ‘आपल्याकडचा’ म्हटल्यावर गोव्यात देवचाराशिवाय, म्हणजे गावाची हद्द राखणाऱ्या राखणदाराशिवाय, दुसरं कुणाचं नाव येणार?

मी पोटापाण्यासाठी लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि जत्रांचे फलक डिझाइन करतो. प्रोग्रॅमिंग शिकलो ते यूट्यूबवर. गोडॉट हे गेम बनवायचं इंजिन निवडलं, कारण ते फुकट आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि त्याची जीडीस्क्रिप्ट भाषा वाचली तर साधारण कळते. वरून दिसणारा, द्विमितीय, अंधाराचा गेम करायचा ठरवलं. गोष्ट सोपी ठेवली: रात्री काही माणसं गावाच्या हद्दीत घुसतात आणि चोरून चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभे दगड, काढतात. खेळणारा देवचार. त्यानं त्यांना घालवायचं.

पहिला नमुना उभा राहायला वेळ लागला नाही. देवचार भिंतीतून जायचा, कुठूनही कुठेही प्रकट व्हायचा, एका फटक्यात माणूस आडवा करायचा. दिसायला झकास. चौथी पास झालेल्या मुलालाही पाच मिनिटांत कंटाळा येईल असा.

तो लॅपटॉप घेऊन साळला मामाकडे गेलो. साळ म्हणजे डिचोली तालुक्याचं महाराष्ट्राच्या बाजूचं टोक, पलीकडे दोडामार्ग. होळीच्या पौर्णिमेला तिथे गड्यांचा उत्सव सुरू होतो. गावातले दिवे घालवतात, अंगात आलेले गडे अंधारात धावत सुटतात, आणि माणसं समोरच्या डोंगराकडे डोळे लावून बसतात, कारण तिथे देवचाराची चूड, म्हणजे पेटती मशाल, दिसते असं मानतात. लहानपणी मी आजोळी हे बघितलेलं आहे. हजारो माणसं गप्प उभी आहेत आणि कुणीतरी हळूच म्हणतं, “थंय पळय, थंय!” (तिथे बघ, तिथे!) त्या क्षणी पाठीतून जे काही सरकतं, ते मला गेममध्ये हवं होतं.

मामानं चष्मा लावून पाच-दहा मिनिटं बघितलं. माझा देवचार एकामागून एक माणसं पाडत होता.

“हो कोण?” मामानं विचारलं.

“देवचार.”

“हो? हो गुंड न्हय?”

मामी आतून बाहेर आली. तिला चित्र बघायचंच नव्हतं, नुसती ऐकत होती. ती म्हणाली, “त्याचं तोंड काढलंस काय रे? तोंड काढू नकोस हां.” आणि मग दोघांनी मिळून मला राखणदाराचे नियम सांगितले. हे नियम गावागावात वेगळे असतात, आणि आमच्याच घरात मामाचं आणि मामीचं एकमत झालं नाही. पण मुद्दे साधारण असे: तो रात्री आपल्या हद्दीची फेरी मारतो, आणि हद्दीच्या दगडापलीकडे पाऊल टाकत नाही. त्याच्या हातात काठी असते, तिचा आवाज आधी येतो. फेऱ्या मारून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वहाणा ठेवतात. रोट, विडी, कुठे कुठे दारूही ठेवतात. जो हात जोडून गाऱ्हाणं घालतो, त्याच्या वाटेला तो जात नाही. वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. आणि उगाच कुणाला मारत नाही, मामी म्हणाली, “तो मारता? तो भोवंडायता.” भोवंडायता, म्हणजे रानात गोल गोल फिरवत ठेवतो.

परत येताना मी बसमध्येच वही काढली. मी ज्याला अडचणी समजलो असतो, ते सगळं तर खेळाचं यंत्र होतं! हद्द म्हणजे नकाशा. काठीचा आवाज म्हणजे लपता न येण्याची किंमत. वहाणा म्हणजे शक्ती. गाऱ्हाणं म्हणजे समोरच्याचं शस्त्र. मारायचं नाही, घालवायचं.

आता थोडं विषयांतर. राक्षसाच्या बाजूनं खेळायचे जुने गेम मी यानंतर मुद्दाम शोधून बघितले, आणि चांगल्या गेममध्ये राक्षसाला कुठे ना कुठे बांधलेलंच दिसलं. १९९३ मध्ये सेगा कंपनीच्या गेम-यंत्रावर ‘हाँटिंग’ नावाचा गेम आला होता. त्यात आपण एका पोराचं भूत. घरातल्या खुर्च्या-टेबलांत शिरून एका कुटुंबाला चार घरांतून पळवून लावायचं. पण भुताचा रस सतत गळत असतो, तो संपला की खाली पाताळात जाऊन गोळा करावा लागतो. २००३ च्या ‘घोस्ट मास्टर’मध्ये प्रत्येक भूत एखाद्या वस्तूला किंवा जागेला जखडूनच ठेवावं लागतं, जखडायला काही नसेल तर भूत येऊच शकत नाही. २०१६ पासून चालू असलेल्या ‘डेड बाय डेलाइट’मध्ये एक मारेकरी आणि चार पळणारे. पळणाऱ्यांना स्वतःच्या मागचंही दिसतं, कारण त्यांचा कॅमेरा पाठीमागे आहे. मारेकऱ्याला मात्र फक्त स्वतःच्या डोळ्यांसमोरचं दिसतं. शिवाय तो जवळ आला की पळणाऱ्यांना हृदयाची धडधड ऐकू येते. म्हणजे सगळ्यांत बलवान माणसाला अर्धा आंधळा करून गळ्यात घंटा बांधलेली. मामीला हे दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, मग आमच्या काठीचं वेगळं काय आहे?

कामाला लागलो. सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो माणसांच्या डोळ्यांनी.

खेळणारा जर माणूस असेल तर राक्षसाला थोडी अक्कल दिली की भागतं. १९८० च्या ‘पॅकमॅन’मधली चार भुतं बघा: लाल थेट मागे लागतं, गुलाबी आपल्या चार घरं पुढची जागा धरतं, बाकीच्या दोघांचे आपले वेगळे हिशेब. इतक्या थोड्या नियमांवर लोक आजही घाम गाळतात. पण खेळणारा राक्षस झाला की बाजू फिरते. आता पडद्यावरची माणसं घाबरलेली *वाटली* पाहिजेत, आणि त्यासाठी त्यांना काय दिसलं, काय ऐकू आलं, काय माहीत आहे, हे सगळं वेगवेगळं सांभाळावं लागतं.

बघण्याचं गणित साधं आहे. माणसाच्या हातात विजेरी, तिच्या उजेडाचा कोन साठ अंशांचा. माणसाचं तोंड ज्या दिशेला आहे ती एक रेघ, आणि त्याच्यापासून देवचारापर्यंतची दुसरी. दोन्हींची लांबी एक करून त्यांचा डॉट गुणाकार घ्यायचा. उत्तर ०.८६६ पेक्षा जास्त आलं तर देवचार उजेडाच्या आत आहे, कारण अर्ध्या कोनाचा, म्हणजे तीस अंशांचा कोसाइन तेवढाच. मग मधे भिंत किंवा झाड आहे का हे बघायला एक अदृश्य किरण सोडायचा. गोडॉटमध्ये त्याला रेकास्ट म्हणतात.

कागदावर हे बरोबर होतं. पण माझा पहिला टप्पा होता कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग. कुळागर बघितलेल्याला पुढचं लगेच कळेल. नारळ, मिरवेल, केळी, आणि मधे पोफळीच पोफळी. पोफळीचं खोड हातात मावेल एवढं बारीक, आणि अशी शेकडो. देवचार चालला की तो किरण खोडाला लागतो, सुटतो, पुढच्या खोडाला लागतो, परत सुटतो. इंजिन हा हिशेब सेकंदाला साठ वेळा करतं, त्यामुळे माझी माणसं सेकंदात दहा वेळा किंचाळायची आणि दहा वेळा निवांत व्हायची. भाची बारावीत आहे, ती बघून पोट धरून हसली. म्हणाली, “मामा, ह्यांना भूत नाही, वीज लागली आहे.”

उपाय दोन टप्प्यांत सापडला. एका किरणाऐवजी तीन सोडले: देवचाराच्या मधोमध एक आणि दोन्ही कडांना एकेक. जितके पोचले तितका तो ‘दिसला’. आणि दिसण्यावर लगेच किंचाळणं तोडलं. प्रत्येक माणसाच्या आत एक न दिसणारं भांडं ठेवलं. दिसलं की ते हळूहळू भरतं, दिसेनासं झालं की त्याहून हळू रिकामं होतं. पाव भरलं की माणूस थांबतो. अर्धं भरलं की विजेरी त्या बाजूला वळवतो आणि “कोण रे?” म्हणतो. पूर्ण भरलं की पळतो. एवढ्या बदलानं पोफळींचा तो लपंडाव एकदम उपयोगाचा झाला. खोडांमधून चालणारा देवचार आता माणसाला तुकड्यातुकड्यानं दिसू लागला, आणि तो माणूस जे करू लागला ते अगदी आपण रात्री माजघराच्या दारात करतो तसं: थांबायचं, बघायचं, काही नाही म्हणायचं, आणि तरी पाय उचलायचे नाहीत.

तोंडाचं मामीनं सांगितलं होतं, ते पाळलं. खेळणाऱ्याला देवचार कधीच पूर्ण दिसत नाही. वरून फक्त काठीचं टोक, वहाणा आणि उजेडात आला तर सावली. हे करताना चित्रकलेची मेहनत निम्म्यानं वाचली हेही सांगून टाकतो.

आवाजासाठी मात्र रात्री बाहेर पडावं लागलं. कुळागरात पावसाळ्यात रात्री शांतता नसते. बेडूक, रातकिडे, पाटाचं पाणी, पोफळीची झावळी सोपासकट खाली येते त्याचा तो धप्प आवाज. हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून गेममध्ये घातलं आणि काठीचा आवाज त्यावर ठेवला. काठी कितीही हळू वाजवली तरी ती ऐकू येते, पण पाटाजवळून चाललं तर पाण्यात बुडते, आणि झावळी पडत असतानाच पाऊल टाकलं तर कुणाला कळत नाही. भाची हे स्वतः शोधून काढेपर्यंत मी गप्प बसलो. तिनं शोधलं, आणि मग ती झावळीची वाट बघत एका जागी उभी राहायला लागली. राक्षस आहे, आणि झावळी पडायची वाट बघतोय. मला खूप बरं वाटलं.

घाबरलेल्या माणसाचं पुढे काय करायचं, हा दुसरा मोठा भाग. नुसता पळून गेला तर बाकीच्यांना काहीच कळणार नाही. म्हणून पळणारा माणूस सर्वांत जवळच्या सोबत्याकडे जातो आणि त्याला दोन गोष्टी देतो: स्वतःच्या भांड्यातली थोडी भीती, आणि देवचार शेवटी कुठे दिसला ती जागा. ती जागा शिळी असते. मी तोवर दुसरीकडे पोचलेलो असतो, आणि ते सगळे विजेऱ्या घेऊन रिकाम्या जागेवर चालून जातात. भोवंडायचं म्हणतात ते हेच असावं. एकेकाला खोटी जागा दाखवत दाखवत हद्दीच्या दगडापलीकडे नेऊन सोडायचं. पलीकडे गेला की तो माझा नाही, मी दगडाशी थांबतो. चिरे चोरणारे पाचही जण जिवंत बाहेर गेले की टप्पा संपतो. कुणी घाबरून चिऱ्याच्या खाणीच्या उभ्या कड्यावरून पडला, तर देवचार हरला. हा नियम ऐकून मित्रांनी नाकं मुरडली. मी तो बदललेला नाही.

वहाणांचं असं: माणसांना लवकर गाठता यावं म्हणून देवचार जोरात धावू शकतो, पण सड्यावर धावलं की वहाणा लवकर झिजतात. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, झाड नाही, आडोसा नाही. दुसरा टप्पा तिथे आहे. वहाणा पार गेल्या की काठी टेकत हळू चालावं लागतं. रात्र संपल्यावर गावातलं कुणीतरी दगडापाशी नवा जोड ठेवून जातं; पण गेल्या रात्री तुम्ही गावच्याच एखाद्या वाटसरूला घाबरवलं असेल तर ठेवत नाही. वाटसरूला घरी पोचवलं असेल तर सोबत रोटही मिळतो.

राहिलं गाऱ्हाणं. पाचांतला एक म्हातारा गावचा आहे, पैशासाठी त्या लोकांना वाट दाखवायला आलेला. त्याला सगळं माहीत असतं. काठीचा आवाज आला की तो पळत नाही. तो विजेरी खाली ठेवतो, हात जोडतो आणि म्हणायला लागतो, “हे राखणदारा, म्हाराजा…” आणि त्या क्षणापासून त्याचं म्हणणं संपेपर्यंत देवचाराला हलता येत नाही. बटणं दाबली तरी काही होत नाही. बाकीचे चौघे तेवढ्या वेळात विजेऱ्या फिरवत जवळ येतात.

हे प्रथम चाललं त्या संध्याकाळी भाची खेळत होती. ती सड्यावर, मधोमध. म्हाताऱ्यानं हात जोडले. तिनं दोन-तीनदा बटण दाबलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत पडद्याकडे. एक विजेरी डावीकडून सरकत येत होती. भाचीनं श्वास रोखलेला मला दिसत होता. उजेड काठीच्या टोकाला लागला, आणि ती खुर्चीतच मागे सरकली.

“मामा, हा म्हातारा मला ओळखतो,” ती म्हणाली.

साळच्या अंधारात जे सरकायचं ते मला या बाजूनं सापडलं. डोंगराकडे बघणाऱ्यांना चुडीची भीती वाटते. चूड धरणाऱ्याला त्या हजार डोळ्यांची वाटत असेल काय, हा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. ‘कॅरियन’मध्ये लहान होऊन कळ ओढताना जे वाटलं होतं, ते याच जातीचं. फरक एवढाच की तिथे आग आहे आणि इथे जोडलेले हात.

तिसरा टप्पा, म्हणजे खुद्द खाण, जवळपास तयार झाला तेव्हा लॅपटॉप घेऊन परत साळला गेलो. मामानं या वेळी स्वतः खेळून बघितलं. बोटं बटणांवर बसत नव्हती, पण म्हाताऱ्याचं गाऱ्हाणं त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि दोन शब्द दुरुस्त करायला लावले. मग दगडाजवळच्या माणसांकडे बोट दाखवून म्हणाला, “हे वहाणा घालून कसे आत येतात? गावचा माणूस तिथे वहाणा काढतो. काढल्या त्याला देवचार बोलत नाही.”

हे घेतलं. पण घेतल्याबरोबर सगळी जुळणी हलली. देवचाराला माणसं सापडतात ती पावलांच्या आवाजानं, आणि अनवाणी माणसाचा आवाज माझ्या हिशेबात जवळजवळ शून्य येतो. म्हातारा आता दगडाशी वहाणा काढून आत येतो, ऐकू येत नाही, आणि पाहिजे तिथे उभा राहून गाऱ्हाणं सुरू करतो. भाचीला तो खाणीत एकदाही सापडलेला नाही. तिच्या मते हे अन्यायाचं आहे. मामाच्या मते बरोबर आहे. मी सध्या खाणीच्या तळाला पावसाचं पाणी भरतोय, म्हणजे निदान चालताना त्याच्या पायांखाली लाटा तरी उठतील.